आजोबांची शिकारी रायफल : पुन्हा नवी करावी की आहे तशी जपावी?

निशिगंधा_दादर
नमस्कार मंडळी. आमच्या घरात आजोबांची शिकारीची रायफल आहे. आजोबा १९४० च्या दशकात यल्लापूर-दांडेलीच्या जंगलात लाकडाचे ठेकेदार होते. उत्तर कानडा तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पुढे परवाना बाबांच्या नावावर झाला आणि आजही चालू आहे. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत, त्यामुळे रायफल माझ्या नावावर करायचं घरात ठरलंय. ती चालवायची कुणाचीच इच्छा नाही.

प्रश्न तिच्या अवस्थेचा आहे. नळीवरचा काळा-निळा रंग जागोजागी उडालाय, लाकूड हात लागतो तिथे काळंकुट्ट झालंय, दस्त्याला दोन-तीन खोल पोचे आहेत. दर पावसाळ्यात नळी आणि लाकडाच्या फटीतून तांबूस ओघळ येतो. दादाचं म्हणणं, एकदाच सगळं घासून, पॉलिश करून, नवा रंग चढवून घेऊ. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

वर्णन : लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत गेलंय. बोल्टची (काडतूस आत-बाहेर सरकवणाऱ्या दांड्याची) मूठ चपटी आहे. नळी एकच, पण चाप दोन, एकामागे एक. हे काय प्रकरण आहे?

बुलेटराजा_ठाणे
दोन चाप म्हणजे एक तुमचा, एक दादाचा. वाटणीचा प्रश्नच मिटला :)
बाकी माझं मत दादाच्या बाजूने. मी १९७० च्या दशकातली बुलेट पूर्ण खोलून नव्यासारखी केली, रस्त्यावर लोक थांबून बघतात. वस्तू चकचकीत असली की पुढची पिढी तिला हात लावते, नाहीतर माळ्यावर पडून राहते.

नेमबाज_वरळी
ताई, आधी एक गोष्ट. रायफल रिकामी आहे हे कुणी पाहिलंय का? "वर्षानुवर्षं कपाटात आहे म्हणजे रिकामीच असणार" असं समजू नका. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, बोल्ट मागे ओढा आणि नळीच्या मागच्या खोबणीत डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. हे बाबांनीच करावं, परवाना त्यांचा आहे.

तुमच्या वर्णनावरून ती मानलिखर-शोनाउअर वाटते. ऑस्ट्रियातल्या स्टायर गावची, १९०३ चं मॉडेल किंवा त्याच घराण्यातलं पुढचं एखादं. वरच्या पोलादी भागावर त्या नावाचा ठसा शोधा. तसं असेल तर तिचं मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरून ठेवायची जागा, चकरीचं असतं. बोल्ट ओढला की काडतुसं चकरीत आत गोल मांडलेली राहतात आणि वरून सगळी दिसत नाहीत. ती मोकळी करायला खोबणीच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो दाबला की आतली बाहेर येतात. हे तपासल्याशिवाय पुढचं काही नको.

दोन चापांचं म्हणाल तर मागचा ओढला की "टक्" आवाज होऊन यंत्रणा सज्ज होते. मग पुढच्या चापाला नुसता स्पर्श पुरतो. लांबच्या नेमाला हात हलू नये म्हणून केलेली सोय आहे. म्हणूनच या रायफलीशी गंमत म्हणून खेळू नये.

कोकणचो_झील
आमच्या घराकडे ठासणीची बंदूक आसा, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. आजो भातात डुकर इलो की बार काढी. तिच्यार कधी पॉलिश बघूक नाय. खोबरेल तेलाचो फडको आणि चुलीच्या वर टांगलेली, बस्स. धुरामुळे गंज धरणा नाय असा आजो म्हणी.

निशिगंधा_दादर
@नेमबाज_वरळी, बाबांनी आत्ताच पाहिलं, तुम्ही सांगितलं तसं. चकरीसुद्धा रिकामी आहे. ठसा आहे, 'मानलिखर शोनाउअर' स्पष्ट वाचता येतं, खाली नंबर आहे. तोंडाकडून पाहिलं तर नळीत आतून चकाकी आहे, पण मध्ये एका जागी काळसर ठिपके. त्या "टक्" आवाजाबद्दल बाबा म्हणाले, आजोबा मचाणावर बसले की तो चाप आधीच ओढून ठेवायचे नाहीत, जनावर उघड्यावर आल्यावरच ओढायचे.

वकीलीणबाई
धागा पॉलिशचा असला तरी कागद आधी. सांगितलेलं बरं.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ बघा. बंदुकीची दुरुस्ती, रूपांतर, चाचणी करायलाही परवाना लागतो. म्हणजे गल्लीतला लेथवाला किंवा बफिंगवाला कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात ती देता येत नाही. व्याख्येत बंदुकीचे भागही येतात, तेव्हा "नुसती नळी दिली" हा बचाव नाही. घरी फडक्याने पुसणं, तेल लावणं ठीक. बाकी काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडच्या कारागिराकडेच, आणि न्यायचं ते परवानाधारकाने, म्हणजे तुमच्या बाबांनी.

दुसरं, कलम ८. बंदुकीवर कोरलेलं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. दादा म्हणतात तसं सगळं घासून काढलं आणि नंबर अर्धवट पुसला गेला, तर नूतनीकरणाच्या वेळी तुम्ही काय दाखवणार?

वारसाहक्काचं : २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो ७० वर्षांचा झाल्यावर, किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल तर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. तुमचं दुसऱ्या अटीत आरामात बसतं. बाकीच्या वारसांची ना-हरकत, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि ते सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र लागेल. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे. बाबांच्या नावावर दुसरं शस्त्र आहे का? २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात, वारशाने आलेली धरून.

गिरगावकर_आप्पा
वकीलीणबाईंना अनुमोदन. आमच्या काकांची बारा बोअरची दोन नळी होती, इंग्लिश बनावटीची. त्यांनी एका दुकानात रंग चढवायला दिली. नाव घेत नाही, दुकान आता नाहीही. तिथे बफवर घासून आरशासारखी केली आणि गरम क्षाराच्या टाकीत बुडवली. आली तेव्हा काका खूश. पुढच्या पावसाळ्यात दोन नळ्यांमधली पट्टी एका टोकाने सुटली. पट्टीखालून पांढरं काहीतरी पाझरायला लागलं. ठशांच्या कडा अशा गोल झाल्या होत्या की भिंग लावूनही नंबराचा एक आकडा ३ की ८ कळेना. नूतनीकरणाला जुनी कागदपत्रं, आधीची पावती, अर्ज, खुलासा यांत काकांचे हेलपाटे झाले ते वेगळेच.

भट्टीवाला
आप्पा, तुमच्या काकांच्या बंदुकीचं नेमकं काय झालं ते सांगतो. माझं कामच धातूंवरच्या प्रक्रियांचं आहे.

गरम पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात पोलाद बुडवतात. एकेरी नळीच्या आधुनिक रायफलीला ते चालतं. पण जुन्या दोन नळीच्या बंदुकीत नळ्या आणि पट्ट्या मऊ डाखाने, म्हणजे शिसे-कथलाने, जोडलेल्या असतात. तो कॉस्टिक डाख खातो. शिवाय द्रावण पट्टीखाली शिरलं की बाहेर काढता येत नाही, ते आतून पोलाद कुरतडत राहतं. पांढरं पाझरत होतं ते हेच.

जुन्या उत्तम शिकारी शस्त्रांवरचा रंग बहुधा वेगळ्या रीतीने, गंजातूनच, चढवलेला असे. पोलाद तेलमुक्त करायचं, सौम्य आम्लाच्या द्रावणाचा पातळ हात द्यायचा, दमट जागी ठेवून बारीक, एकसारखा गंज येऊ द्यायचा. मग ते उकळत्या शुद्ध पाण्यात घालायचं. तांबडा गंज, म्हणजे फेरिक ऑक्साइड, पाण्यात उकळल्यावर काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. वरची सैल काजळी अगदी बारीक तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीत रंग थोडा गडद होतो, शेवटी मखमली काळा दिसतो, चमचमीत नाही. विलायतेत यासाठी दमट पेट्या लागत, आपल्याकडे जुलैत खोलीचं दार लावलं तरी पुरे.

पण निशिगंधाताई, यातलं काहीही तुमच्या रायफलीला आत्ता करू नका. नवा रंग चढवायला आधी पृष्ठभाग घासून एकसारखा करावाच लागतो. म्हणजे ठशांच्या कडा, कोरीव रेघा, सगळ्यांवरून कागद फिरणार. गेलेलं पोलाद परत येत नाही. तुमच्या नळीवर ५० टक्के जरी मूळ रंग शिल्लक असला तरी तो राहू द्या. तुमचा खरा शत्रू लाकडाखाली आहे. तो तांबूस ओघळ येतो ना, तिथे.

बुलेटराजा_ठाणे
बुलेटचा रंग मीही घासूनच काढला होता, इंजिन नंबर शाबूत आहे. कारागीर चांगला असेल तर ठसे वाचवून काम करेल की.

भट्टीवाला
वाचवू शकतो, तसे कारागीर आहेत. पण बुलेटचे सुटे भाग आजही मिळतात, रंग बिघडला तर परत करता येतो. शिवाय बुलेट तुम्ही चालवता, तिला हवा-पाण्यात टिकायचंय. ही रायफल घरातच राहणार. तिच्यावर जे उरलंय ते स्टायरच्या कारखान्यातल्या माणसाने केलेलं काम आहे आणि जे झिजलंय ते आजोबांच्या हाताने. मला दोन्ही राखण्यासारखं वाटतं.

बुलेटराजा_ठाणे
आजोबांच्या हाताचं म्हणताय ते पटलं. बुलेट मी अनोळखी माणसाकडून घेतली होती. तरी गंज तसाच ठेवा असं कुणी म्हणू नये.

सुतारपक्षी
लालबागला फर्निचर पॉलिशचा आमचा जुना धंदा. लाकडाबद्दल मी बोलतो.

काळं पडलंय ते बहुतेक जळलेलं किंवा कुजलेलं नाही. वर्षानुवर्षं नळीचं तेल लाकडात मुरलंय आणि त्यात हाताचा घाम-मळ बसलाय. दस्ता अक्रोडाचा असणार. त्याला रंधा नाही, सँडपेपर तर अजिबात नाही. हाताची पकड असते तिथे बारीक चौकटींची जाळी कोरलेली असेल, तिच्यावर कागद फिरला की ती सपाट झाली म्हणून समजा. तेल ओढायला खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्यायचा, वाळला की पिवळट-तपकिरी होतो, मऊ ब्रशने झाडायचा. काळेपणा उतरेपर्यंत हे चालू ठेवायचं. लाकूड पूर्ण पांढरं करायचं नाही, जुनेपणाचा रंग राहू द्यायचा.

पोचे : लाकडाचे तंतू तुटले नसतील, नुसते दबले असतील तर ओल्या सुती फडक्यावरून गरम इस्त्रीचं टोक टेकवा. वाफ आत गेली की तंतू फुगून वर येतात. जिथे तंतू तुटलेत तिथला पोचा राहणार, त्यात लांबी (खड्डे बुजवायचं लुकण) भरू नका.

मग अळशीचं तेल. थेंबभर तळहातावर घ्यायचं आणि लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून टाकायचं. जाड थर दिला तर चिकट राहतो आणि धूळ धरतो. इंग्रज कारागीर या तेलात अल्कानेटच्या मुळ्या भिजवून लाल झाक आणायचे. आपल्याकडे मसाल्याच्या बाजारात रतनजोत मिळतं ते त्याच कुळातलं, रोगनजोशला रंग येतो तो त्याचाच. मशीद बंदरला कुठल्याही काष्ठौषधीवाल्याकडे मिळेल. तेलात कपड्यात बांधून ठेवा, दोन-चार दिवसांत तेल माणकासारखं लाल होतं. अक्रोडावर ते फार सुंदर दिसतं, मी जुन्या खुर्च्यांवर वापरतो.

दोन सूचना. पावसाळ्यात हे करू नका, तेल वाळत नाही. आणि अळशीच्या तेलाचे फडके बोळा करून टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा, मगच फेका.

ताई, दस्ता वेगळा करून माझ्याकडे आणलात तर मी करून देईन, पैसे नको.

वकीलीणबाई
सुतारदादा, भावना पोचली, पण दस्ता तुमच्या दुकानात आणायला नको. तुम्हीच परवानाधारक कारागिराच्या दुकानात जा, बाबा समोर असतील, आणि तिथे त्याच्या देखरेखीखाली लाकडाचं बघा. दोघांचंही भलं.

सुतारपक्षी
चालेल. तिथे येतो.

पक्षीवेडा
थोडं कटू बोलतो. शिकारीच्या हत्याराचं एवढं कौतुक मला पचत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तोवर आपण जंगलं किती रिकामी केली होती हे विसरू नये. भिंतीवर लावून मिरवायची ती वस्तू नाही.

निशिगंधा_दादर
पक्षीवेडादादा, तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि म्हणूनच भिंतीवर लावणार नाहीये. आजोबांनी १९५० च्या दशकातच शिकार सोडली होती. का सोडली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला ती रायफल आजोबांची म्हणून हवीय, जशी त्यांनी ठेवली तशी.

गिरगावकर_आप्पा
पक्षीवेडा, आमच्या गिरगावातली गोष्ट सांगतो. खेतवाडीत एक पोरगा राहायचा, त्याने एअरगनने एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा दिसला म्हणून मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं, ही सोसायटी १८८३ सालची. तिथे सोसायटीचे सचिव मिलार्डसाहेब यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. तो पोरगा म्हणजे सालिम अली. तुम्ही आज ज्या नोंदी वाचता त्यांची सुरुवात तिथून झाली.

पक्षीवेडा
आप्पा, ही गोष्ट मला पाठ आहे, आणि ती चिमणी मेलीच हेही. पण ताईंचं उत्तर आवडलं. घरात शिंगं, कातडी असं काही असेल तर तेही बघा. मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. २००३ मध्ये जाहीर करायची संधी दिली होती.

निशिगंधा_दादर
सांबराची शिंगं होती. त्यांचं प्रमाणपत्र बाबांनी तेव्हाच घेतलंय, फाईलमध्ये आहे.

साने_काकू
माझ्या माहेरीही रायफल होती म्हणून लिहिते. वडील शिकारीहून आले की आई चुलीवर पाणी उकळून ठेवायची आणि ते नरसाळ्याने नळीतून ओतायचे. आम्हाला वाटायचं पारूसं धुतात. याचं काही कारण असेल का?

भट्टीवाला
काकू, अगदी शास्त्रशुद्ध. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराईड बनून नळीत बसतं. ते मिठासारखंच ओल ओढतं. तेलात ते विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. उकळतं पाणी ओतलं की क्षार निघतो आणि तापलेली नळी लगेच सुकते, मग तेल. निशिगंधाताईंच्या नळीत मधोमध जे काळे ठिपके आहेत ते बहुधा एखाद्या वेळी पाणी न ओतल्याचे. ते आता जाणार नाहीत, पण वाढणारही नाहीत, कोरडी आणि तेलाचा हलका हात दिलेली ठेवली तर.

आता त्या ओघळाचं. लाकूड टोकापर्यंत असल्याने नळी आणि लाकूड यांच्यात मुंबईची हवा अडकते. ते एकदा वेगळं करायलाच हवं, कारागिराकडूनच. पेचकस पेचाच्या खाचेत गच्च बसणारा, समांतर पात्याचा हवा. घरातल्या पाचरी पेचकसाने खाचा चिरडतात आणि त्या पुढे आयुष्यभर दिसतात. आतला सैल गंज पातळ तेलात भिजवून तांब्याच्या पट्टीने खरवडायचा. जुना ढब्बू पैसा मिळाला तर उत्तम. तांबं पोलादापेक्षा मऊ, ते गंज उचलतं पण पोलादावर चरा पाडत नाही. मग लाकडाने झाकलेल्या भागाला मेणाचा हात. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण संग्रहालयांत शस्त्रांवर वापरतात. मधमाशीचं मेण नको, त्यात आम्लांश असतो.

कोकणचो_झील
खोबरेल तेल मग चूक?

भट्टीवाला
झीलबाबू, ते कालांतराने खवट होऊन आम्लधर्मी होतं आणि चिकट थर धरतं. तुमच्याकडे धूर होता, रोजचा हात फिरत होता म्हणून निभावलं. मुंबईत फ्लॅटच्या कपाटात खनिज तेलच बरं.

नेमबाज_वरळी
ठेवण्याबद्दल एक. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत घालून ठेवू नका, दिसायला छान असली तरी. चामडं कमावण्यातले क्षार आणि ओल थेट पोलादाला लागतात. कुलपाचं पोलादी कपाट, रायफल उभी, तोंड शक्यतो खाली म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. सुतारपक्षींनी सांगितलेला काळेपणा तिथूनच आलेला असतो. सिलिका जेल घाला आणि ते अधूनमधून तापवून सुकवा. निवडणुकीच्या वेळी पोलिसांकडे जमा करायला सांगितलं तर देण्याआधी जाडसर तेल लावून द्या, तिथे आठवडेच्या आठवडे कुणी पुसणार नाही.

चालवायची नाही म्हणताय ते योग्यच. त्या जातीची काडतुसं आपल्या आयुध कारखान्यांत होत नाहीत. खडकीला .३१५ आणि बारा बोअरची होतात, पण ती याला लागूच नाहीत.

मिसळप्रेमी_७७
चालवायचीच नाही तर निकामी करून शोभेची वस्तू म्हणून ठेवा ना, परवान्याची कटकटच नाही.

वकीलीणबाई
हा समज फार पसरलाय. कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू ठरणाऱ्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालता कामा नये. सुस्थितीतली रायफल त्यात बसत नाही. आणि ती स्वतःहून निकामी करायला जाणं म्हणजे कलम ५ च्या वाटेला जाणं.

निशिगंधा_दादर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा बाबांना आणि दादाला बसवून वाचून दाखवला. आप्पांच्या काकांच्या बंदुकीचं वाचल्यावर दादाने पॉलिशचा हट्ट सोडला. फक्त पोचे काढू दे म्हणाला, आणि सुतारपक्षी म्हणतात त्या पद्धतीने ते काढायला माझी हरकत नाही. दस्त्याच्या डाव्या बाजूला गालाशी येणाऱ्या जागी लाकूड गुळगुळीत होऊन खोलगट झालंय, तेवढं मात्र कुणी हात लावणार नाही असं बाबांनी सांगून टाकलं.

ठरलंय ते असं. वारसाचा अर्ज आधी. पावसाळा संपला की बाबा रायफल परवानाधारकाकडे नेतील, नळी आणि लाकूड वेगळं करून गंज काढायचा, मेण लावायचं, रंग चढवायचा नाही. लाकडाला खडूचा लेप आणि रतनजोतचं तेल. बाहेरच्या पोलादाला फक्त तेलाचा फडका.

एक राहिलं. अर्ज चालू असताना शस्त्र दुरुस्तीला दिलेलं चालतं का?

वकीलीणबाई
बाबांचा परवाना चालू असेपर्यंत चालतं. देताना दुकानदाराकडून पावती घ्या, तिच्यावर नंबर आणि कामाचं वर्णन लिहून घ्या, आणि सगळ्या ठशांचे जवळून फोटो आधीच काढून ठेवा. परवान्याची मुदत कधी संपते ते आजच बघा. मुदत जवळ असेल तर नूतनीकरणाचा अर्ज संपायच्या आत द्या, वारसाच्या अर्जावर विसंबू नका.

निशिगंधा_दादर
पुढच्या मार्चमध्ये संपतोय. सोमवारीच जाते.

सुतारपक्षी
ताई, रतनजोत आताच तेलात घालून ठेवा, दिवाळीपर्यंत चांगलं मुरेल. आणि बाबांना म्हणावं, गालाची जागा मी आधी बोटाने दाखवून घेईन, मगच फडका उचलेन.